चोखोबाचे मरण आणि आजीची ओवी

१

२०१९ सालच्या जून महिन्याची अखेर होती. पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत रात्रीच्या पावसात शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे मेली. बांधकामावर राबण्यासाठी बहुतांशी बिहारमधून आलेली ती माणसे होती. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडला डोंगरउतारावरची भिंत वस्तीवर पडली. तिथे बळींचा आकडा तीसच्या वर गेला. तुर्भ्याच्या आमच्या घरात दूरदर्शन संच दिवसभर तेच दाखवत होता. कोपऱ्यात माझी आजी बसली होती. तिला दिसत कमी होते, ऐकू मात्र नीट येत होते. 'भिंत', 'मजूर', 'ढिगारा' हे शब्द तिच्या कानांवर पडत राहिले आणि एकाएकी ती काहीतरी गुणगुणू लागली.

मी संच बंद केला. आजीला गाताना मी कधी ऐकले नव्हते. पाळणा नाही, लग्नातले गाणे नाही, काही नाही. मी म्हटले, ''आजी, काय गं हे?'' ती म्हणाली, ''चोख्याचं गाणं हाय. मरणाचं. आता सगळं येत न्हाई बाई.'' मग तिला जेवढे आले तेवढे तिने सांगितले. ते तीन तुकडे होते. पहिल्यात मंगळवेढ्याची कूस पडल्याचे होते. दुसऱ्यात हाडे उचलून कानाला लावून पाहणारा कुणीतरी होता. तिसऱ्यात एक प्रश्न होता. ज्या हाडांनी नाव घेतले ती गेली पंढरीला, पण ज्यांनी घेतले नाही त्यांना कुणी नेले, असा त्याचा आशय. प्रश्नाशी येऊन आजी थांबली. पुढचे तिला आठवेना. ''हुतं पुढं,'' एवढेच ती म्हणत राहिली.

पुढच्या वर्षी आजी गेली. माझ्या वहीत ते तीन तुकडे राहिले. मी महाविद्यालयात इतिहास शिकविते. घराण्यातली पहिली पदवीधर. कागदाला पुरावा म्हणायचे आणि तोंडी बोलण्याला आठवण म्हणायचे, हे मी शिकले आणि तेच शिकवीत आले. या तीन तुकड्यांच्या मागे जाताना त्या शिकवणुकीची मला दर पावलाला परीक्षा द्यावी लागली. तो शोध वाचकांपुढे ठेवते आहे, कारण तो केवळ माझ्या घरातला नाही.

२

आधी हे गाणे आमच्या घरातून नाहीसे कसे झाले, ते सांगितले पाहिजे.

आजीचे सासर आणि माहेर दोन्ही सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या पंचक्रोशीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर गावोगाव जे घडले तेच आमच्याही वस्तीत घडले. आजोबांनी देव टोपलीत भरले आणि नदीला नेले. वस्तीतले भजनी मंडळ मोडले. टाळ आणि मृदंग तेच राहिले, पण त्यांवर आता भीमगीते सुरू झाली. आजोबांनी आजीला बजावले, ''आता चोख्याचं, इठ्ठलाचं घरात काढायचं न्हाई.'' आजीने ते पाळले, साठ वर्षे पाळले. तिने दुसरे गाणेही म्हटले नाही, ही गोष्ट घरात कुणाच्या ध्यानातच आली नाही.

आजोबांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. चोखोबाला बाजूला सारण्यामागे त्या पिढीचा सबळ विचार होता. 'जोहार मायबाप' म्हणत वाकणारा, आपल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधणारा, महाद्वाराच्या पायरीशी तिष्ठत राहणारा चोखोबा गावगाड्याला सोयीचा होता. ''बघा, तुमचा चोखोबा कसा नम्र होता,'' असे ऐकवून पाटलाने बेगारीला जुंपलेली माणसे त्या पिढीने पाहिली होती. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या निबंधावर गांधीजींनी टीका केली. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी संतांविषयीची आपली भूमिका नि:संदिग्ध मांडली. संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला चढविला नाही. देवापुढे सारी माणसे सारखी, एवढेच त्यांनी सांगितले. माणसे माणसांपुढे सारखी, असे सांगितले नाही. हा युक्तिवाद आजही खोडता येत नाही. आजोबांनी तो पुस्तकात वाचला नव्हता. पण त्यांना तो कळला होता.

प्रश्न एवढाच होता की टोपलीतून देवांबरोबर आणखी काय वाहून गेले?

३

आजी 'चोख्याचं गाणं' म्हणाली म्हणून मी आधी चोखोबाच्या अभंगांत शोधू लागले. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाच्या ग्रंथालयात आणि महाविद्यालयाच्या कपाटात सुट्टीचे दिवस घालविले. चोखोबा, त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या एका घरातल्या पाच माणसांचे अभंग वाचून काढले. चौदाव्या शतकातल्या एका महार कुटुंबातली पाच माणसे कविता करीत होती, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने आश्चर्याची म्हणून कधी मिरविली नाही. सोयराबाई देहाच्या विटाळाविषयी जे प्रश्न विचारते, कर्ममेळा देवाला ज्या शब्दांत सुनावतो, ते वाचताना मान झुकविणाऱ्या चोखोबाचे चित्र निदान अपुरे आहे, एवढे पटले. हे सारे शब्द आपल्यापर्यंत कुणाच्या लेखणीतून आले तेही ध्यानात ठेवले पाहिजे. चोखोबाचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. काय लिहिले गेले याची आपल्याला माहिती आहे. काय गाळले गेले हे विचारायला आज कुणी उरलेले नाही.

आजीचे गाणे मात्र तिथे नव्हते. माझी चूक मला फार उशिरा कळली. कुणी आपले मरण झाल्यावर त्याचे गाणे कसे रचणार? 'चोख्याचं गाणं' म्हणजे चोखोबाने रचलेले नव्हे, चोखोबावर रचलेले. मग मी नामदेवाकडे वळले.

नामदेवाच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने, १९७० साली, महाराष्ट्र शासनाने 'श्रीनामदेव गाथा' प्रसिद्ध केली. नामदेवाच्या नावे चालत आलेल्या अभंगांत चोखोबाच्या मृत्यूची कथा येते, ती थोडक्यात अशी. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू होते. चोखोबा त्यावर मजुरीला होता. भिंत कोसळली आणि तिच्याखाली कित्येक मजूर गाडले गेले, त्यांतच चोखोबा गेला. पुढे नामदेव त्याच्या अस्थी आणायला मंगळवेढ्याला गेला. ढिगाऱ्यात साऱ्यांची हाडे एकत्र झालेली. त्यांतली चोखोबाची कोणती हे कसे ओळखावे? ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता ती चोखोबाची. ती नामदेवाने पंढरपूरला आणली आणि विठ्ठलाच्या महाद्वारापुढे त्यांची समाधी बांधली. तिथी परंपरेने जपली आहे : शके १२६०, वैशाख वद्य पंचमी, म्हणजे इ. स. १३३८.

आजीचा पहिला तुकडा इथे जुळला. दुसराही जुळला. शब्द जागोजाग बदललेले होते, पण घडण तीच होती.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक अडचण सांगितली पाहिजे. 'नामा म्हणे' एवढी मुद्रा दिसली म्हणून तो अभंग ज्ञानदेवकालीन नामदेवाचाच ठरत नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाला. नामदेवाच्या नावाने रचना करणारे आणखीही झाले. बाडे उतरविणाऱ्यांनी सारे एकत्र बांधले. तेव्हा १३३८ साली मंगळवेढ्यात प्रत्यक्ष काय घडले याचा समकालीन कागद म्हणून हे अभंग घेता येत नाहीत. पण गावकुसाची भिंत पडून मजूर मेले आणि त्यांत चोखोबा होता, हा कथेचा गाभा चमत्कारासाठी रचावा असा नाही. संतचरित्रांत संत समाधी घेतात, विमानातून जातात, देवात विलीन होतात. बेगारीच्या कामावर भिंतीखाली चिरडून मरणे हा संताचा मृत्यू नव्हे. तो मजुराचा मृत्यू आहे. परंपरेला तो पुसून टाकता आला नाही, म्हणूनच तो खरा असावा असे मला वाटते. तिने इतकेच केले की अपघातावर चमत्काराचा गिलावा चढविला.

४

तिसरा तुकडा मात्र गाथेत कुठेच सापडेना.

प्रथम मला वाटले, माझी प्रत अपुरी असेल. दुसरी पाहिली. मग एके दिवशी वर्गात छंद समजावताना तुकडे फळ्यावर लिहिले आणि मीच चपापले. पहिले दोन तुकडे मोठ्या अभंगाच्या मापाचे होते : पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. तिसरा या मापात बसत नव्हता. त्याची ओळ लांब होती, मध्ये श्वास घ्यायला जागा होती आणि शेवटाकडे 'बाई' हे संबोधन होते. नामदेव कुणाला 'बाई' म्हणत बसला नसता. ही जात्यावरची ओवी होती. आजीच्या स्मरणात दोन गाणी एकमेकांत शिरली होती.

आमच्या वस्तीजवळ पंढरपूर तालुक्यातले एक वृद्ध राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. माझे वडील तुर्भ्याच्या दगडखाणीत होते तेव्हा तात्याही तिथेच सुरुंगाच्या कामावर होते. धर्मांतराआधी त्यांचे वडील भजनात टाळ धरीत. मी तात्यांना विचारले. ते म्हणाले, ''पोरी, मयताच्या घरी रातभर भजन बसायचं, तवा ह्यो अभंग हमखास व्हायचा. आपल्यातलाच मेलेला ना त्यो. पर तू म्हंतीस ती वळ गड्यांच्या भजनात नव्हती. बायका आत दळत, निवडत बसायच्या. त्येंचं त्येंनाच ठावं.''

हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. माझ्या माहितीत शोषित स्त्रियांच्या आत्मकथनाचा एवढा मोठा साठा मराठीत दुसरा नाही. त्यात पंढरीच्या ओव्या आहेत, सासुरवासाच्या आहेत, आणि बाबासाहेबांवरच्या, त्यांच्या निधनावरच्याही आहेत. मी त्यांत शोधीत गेले. आजीची ओळ मिळाली नाही. पण ओळींची जात ओळखीची होती. पुरुषांचे भजन जिथे संपते तिथे या बायका पुढे बोलतात, हे दिसले.

शेवटी मी आत्याकडे गेले. आत्या लहानपणी तिच्या आजोळी, म्हणजे माझ्या आजीच्या माहेरी वाढली. ती आजही तिकडेच राहते. मी वही उघडून तिसरा तुकडा वाचला. आत्याने मला पुढे वाचूच दिले नाही. ''ते नामदेवाचं न्हाई गं,'' ती म्हणाली. ''ते आमच्या म्हातारीचं जात्यावरचं. तिच्या मालकाचं.''

मग तिने सांगितले ते असे. आजीचे वडील, माझे पणजोबा, गावच्या एका बागायतदाराच्या विहिरीच्या कामावर होते. विहीर बांधायला घेतली होती, वरून दरड सुटली. आत चौघे होते. दोघांना बाहेर काढता आले. पणजोबा आणि त्यांच्या भावकीतला आणखी एक आतच राहिले. पाऊस लागला म्हणून काम थांबले. पुढे जागा सोडून दुसरीकडे विहीर खणली आणि जुना खड्डा बुजविला. आजी तेव्हा पाच-सात वर्षांची असेल. म्हणजे साल १९४० च्या मागेपुढे. पणजीने आयुष्यभर जात्यावर बसले की भजनातला चोखोबाचा अभंग गुणगुणायचा आणि शेवटी आपला प्रश्न त्याला जोडायचा. चोखोबाला आणायला नामदेव आला. माझ्या धन्याला आणायला कोण येणार? त्याच्या हाडांनी विठ्ठलाचे नाव घेतले नसेल; त्यांनी भाकरीचे घेतले असेल, लेकरांचे घेतले असेल. ते ऐकणारा कान कुणाला आहे?

आत्याला एकूण चार ओव्या येत होत्या. त्या तिने म्हटल्या आणि मी ध्वनिमुद्रित केल्या. त्या इथे छापत नाही. आत्या म्हणाली, ''माझ्या हयातीत नगं.'' तिचा शब्द मी मोडणार नाही.

५

पणजोबांच्या मरणाची सरकारी नोंद असेल तर पाहावी, असे मनात आले. गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद पूर्वी गाव नमुना १४ मध्ये होत असे. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जातपडताळणीसाठी आपली मुले त्याच्या नकला काढायला हेलपाटे घालतात. मीही घातले. त्या वर्षांची जी पाने पाहायला मिळाली ती जीर्ण होती. त्यांत पटकीने मेलेले होते, तापाने मेलेले होते, सर्पदंशाने मेलेला एक होता. विहिरीत गाडलेले दोघे त्यांत नव्हते.

परतताना बसच्या खिडकीशी एक गोष्ट मनात घर करून बसली. गावगाड्यात महाराची कामे कोणती होती? सरकारी सारा पोहोचविणे, वाटाड्या होणे, सीमेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेली ढोरे ओढणे, वेशीची आणि कुसाची डागडुजी करणे, सरणाला लाकडे आणणे. आणि गावात कुणी मेले तर मर्तिकाचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांना पोहोचविणे. उन्हातान्हात, रात्रीअपरात्री साऱ्या गावाच्या मरणाची बातमी ज्याने वाहिली, त्याच्या मरणाचा सांगावा पोहोचविण्याचे काम मात्र कुणाच्याच वतनात नव्हते. ते काम पणजीने जात्यावर केले.

मंगळवेढ्याला मी तेव्हाच थांबले. हे गाव लहान नव्हे. बाराव्या शतकात कलचुरींची ती राजधानी होती. बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी इथेच होते. कान्होपात्रा इथली. दामाजीपंत इथले. दामाजीपंतांची कथा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारातले धान्य लोकांना वाटले आणि त्यांचा जीव वाचवायला विठ्ठल 'विठू महार' होऊन बेदरला रक्कम भरून आला. महारांच्या बावन्न हक्कांची सनदही याच कथेला जोडून सांगितली जाते. ही कथा चोखोबाच्या नंतर शतकाहून अधिक काळाने घडल्याचे मानतात. दोन्ही कथा एकाच गावच्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की काय दिसते? ब्राह्मण अधिकाऱ्याचा जीव धोक्यात आला तेव्हा देव महाराचे सोंग घेऊन धावला. खरा महार भिंतीखाली होता तेव्हा देव त्याच्या हाडांतून नुसता आपले नाव वदवून घेत होता.

मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी. वारकरी आधी तिथे माथा टेकतात आणि मग आत जातात. चोखोबा जिवंतपणी जिथपर्यंत येऊ शकत होता, मेल्यावरही तिथपर्यंतच आला. त्याच्या जातीच्या माणसांना त्या दारातून आत जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी त्यासाठी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले. १३३८ ते १९४७ म्हणजे ६०९ वर्षे.

आणि तरीही, समाधीपुढे उभी असताना नामदेवाचे ऋण मला नाकारता येईना. जातीने शिंपी असलेला एक माणूस आपल्या महार मित्राची हाडे शोधायला ढिगाऱ्यापर्यंत गेला, हाडे हातांत घेतली, कानाला लावली. विटाळाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. कथेत चमत्कार आहे तो बाजूला ठेवा. कान लावणे खरे माना. माझ्या पणजीनेही नामदेवाला नाकारलेले नाही. तिने त्याच्या अभंगाच्या शेवटी उभे राहून फक्त विचारले, 'आणि बाकीचे?'

६

दलित साहित्याचा आरंभ कुठून धरावा, यावर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ वाद झाला. कुणी चोखोबापासून धरला, कुणी जोतीरावांपासून, कुणी थेट बुद्धापासून. चोखोबाला पूर्वसूरी मानू नये असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा वर आलाच आहे. मला या वादात नवी बाजू मांडायची नाही. पण एक कागद दोन्ही बाजूंनी पुन्हा पाहावा असे सुचवायचे आहे.

१९४८ साली बाबासाहेबांचा 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांवर १९३६-३७ साली कठोर टीका करणाऱ्या माणसाची ही अर्पणपत्रिका आहे. आणि ग्रंथ कोणत्या प्रश्नाचा? अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या प्रश्नाचा. जमातींच्या लढायांत वाताहत झालेली माणसे गावाच्या राखणीसाठी कुसाबाहेर वसविली गेली; अस्पृश्यता मागाहून लादली गेली, असा त्यांचा सिद्धान्त आहे. गावकुसाबाहेर माणूस का, हे विचारणारा ग्रंथ त्या गावकुसाखाली मेलेल्या माणसाला अर्पण व्हावा, हा योगायोग असेलही. पण तो आपल्याला काही शिकवितो. भक्तीची मांडणी नाकारता येते आणि तरी भक्ताच्या मरणाचा हिशेब मागता येतो. आजोबांच्या नकारात आणि आजीच्या गाण्यात विरोध नव्हता. तो आम्ही कल्पिला.

ज्या कुसाच्या आत राहायची मुभा नाही ते कूस बांधण्याची सक्ती, हा गावगाड्याचा कायदा होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने जायला १९५८ साल यावे लागले. वतन गेले, बेगार कायद्याने गेली. पण भिंतीच्या आत कोण आणि भिंतीच्या तळाशी कोण, ही वाटणी गेली नाही. मी ज्या नव्या मुंबईत राहते तिच्यासाठी सिडको १९७० साली स्थापन झाली. इथल्या इमारतींची खडी तुर्भ्याच्या डोंगरातून निघाली, आणि ती फोडणाऱ्यांत सोलापूरची, मराठवाड्याची, दुष्काळाने उठलेली माणसे होती. माझे वडील त्यांतले एक. आज त्या जागी बिहारचा, बंगालचा मजूर आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला आणि नोंदणीची व्यवस्था ठेवली. नोंदणी असेल तर मदतीचा मार्ग उघडतो. म्हणजे ज्या हाडांचे नाव कागदावर आहे ती ओळखली जातात. ज्यांचे नाही त्यांच्याविषयी पणजीचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. १९६९ साली बाबुराव बागुलांनी आपल्या कथासंग्रहाला 'मरण स्वस्त होत आहे' हे नाव दिले. नोंद नसलेले मरण सर्वांत स्वस्त असते, हे मला त्या कोतवाल बुकाने शिकविले.

आता माझ्या व्यवसायाविषयी. कागद म्हणजे पुरावा, असे मी शिकविते असे आरंभी म्हटले. या प्रकरणात कागदाने काय केले? गाथेने एकाचे मरण जपले आणि त्याच्याबरोबर मेलेल्यांना 'इतर मजूर' म्हणून सोडून दिले. कोतवाल बुकाने तेवढेही केले नाही. उलट एका निरक्षर बाईने ओवी रचली, तिच्या मुलीने साठ वर्षे ती गिळून ठेवली, नातीने चार ओव्या सांभाळल्या, आणि त्यामुळे विहिरीत गाडलेल्या दोन माणसांचे अस्तित्व आज मला लिहिता येते आहे. ओवी तारीख सांगत नाही, मजुरी किती होती ते सांगत नाही. तिला जे सांगता येत नाही ते तिच्या तोंडी घालू नये. पण माणूस होता, राबला, मेला आणि त्याला कुणी शोधले नाही, एवढे ती खात्रीने सांगते. आपल्या इतिहासाला एवढे विधानही पुष्कळ ठिकाणी दुर्मीळ आहे.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विशेषत: विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. धर्मांतरापूर्वी कळत्या वयात असलेल्या बायका आज नव्वदीकडे झुकल्या आहेत किंवा गेल्या आहेत. 'आता ते काढायचं नाही' असे आपल्याच घरांत त्यांना सांगितले गेले असेल. ते सांगणे बरोबर होते की चूक, याचा निकाल नंतर लावू. आधी त्यांच्यापाशी बसावे. गाणे अर्धे आठवत असेल तर अर्धेच लिहून घ्यावे, आपल्या पदरचे घालून पुरे करू नये. बोली सुधारू नये. कोणत्या गावात, कोणत्या कामाला बसून, कुणाकडून ऐकले ते विचारावे. गाथेत सापडले नाही म्हणून चुकीचे समजू नये. जी ओळ सापडत नाही तिच्यापाशी जास्त वेळ थांबावे. आणि त्यांनी छापू नका म्हटले तर छापू नये.

गेल्या वर्षी मी माझ्या वर्गाला हेच काम दिले. पहिले दोन आठवडे कुणी काही आणले नाही. मग दिघ्याहून येणाऱ्या एका मुलीने वहीचे एक पान पुढे केले. त्यावर दीड ओळ होती. ''मॅडम, आजीला एवढंच येतं. चालेल का?'' तिने विचारले. मी म्हटले, चालेल. गावाचे नाव लिही, आणि आज संध्याकाळी तिला पुन्हा विचार.